जलाशयाकाठची वाइन आणि सोलापूरचे ताट
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावरील द्राक्षमळ्यांविषयी आणि तेथे तयार होणाऱ्या वाइनविषयी लेख प्रसिद्ध झाला होता. सुला आणि यॉर्क या दोन वायनरी त्या परिसरात आहेत, आणि हिवाळ्यात तेथे जाणाऱ्यांत सोलापूरकरांची संख्याही चांगली दिसते. लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: बाटली घरी आणली, पण आपल्या जेवणाबरोबर तिची जोडी कशी लावायची? त्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे न छापता फक्त गाव किंवा भाग दिला आहे.

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही दोघे गंगापूर धरणाच्या काठावरील वायनरीत गेलो होतो. तेथून सॉव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ आणि शिराझ अशा तीन बाटल्या आणल्या. तेथे वाइनसोबत चीज आणि ऑलिव्ह दिले होते. आमच्या घरात या दोन्ही वस्तू येत नाहीत. रोजच्या जेवणाबरोबर यांपैकी कोणती बाटली उघडावी? (जुळे सोलापूर)

चीज आणि ऑलिव्ह ही वाइनची अट नाही. ज्या देशांत वाइन रोजच्या जेवणात असते तेथे ते पदार्थ घरचे आहेत, म्हणून ते तिच्या शेजारी बसले. आपल्या शेजारी बसायला भाकरी, शेंगाचटणी, पिठले, भरले वांगे आणि मटण आहे, आणि त्यांच्याशी वाइनचे जमवायचे असेल तर बाटलीकडे पाहण्याआधी ताटाकडे पाहावे लागते. ताटात पाहायच्या गोष्टी अशा : तिखट किती आहे, आंबट कशाचे आहे, तेल किती सुटले आहे, मीठ चढे आहे का, आणि गूळ कुठे आहे.

मीठ आणि स्निग्धता या दोन्ही गोष्टी वाइनच्या सोयीच्या आहेत. मिठामुळे वाइनचा कडवटपणा आणि आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, तर तेल-तुपाचा थर वाइनच्या आंबटपणाने कापला जातो आणि पुढचा घास ताजा लागतो. आंबट पदार्थ मात्र वाइनची परीक्षा घेतात. चिंचेची आमटी वाइनपेक्षा आंबट असली तर तीच वाइन फिकी, पाण्यासारखी लागते. म्हणून आंबट पदार्थापुढे त्याच्याइतकीच किंवा त्याहून आंबट वाइन हवी. गोडाचेही तसेच : पुरणपोळीपुढे कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन ठेवली तर ती आंबटढोण लागणारच. तिखटाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावर पुढे एका वाचकाच्या पत्राच्या निमित्ताने सविस्तर लिहिले आहे.

आता तुमच्या तीन बाटल्या. पहिल्या दोन पांढऱ्या, शिराझ लाल. सॉव्हिन्यो ब्लाँ ही कोरडी, चांगली आंबट आणि हिरव्या वासाची वाइन आहे. तिला ढोबळी मिरची, ओले गवत, पिकत आलेला पेरू असे वास येतात. कोथिंबीर, ओला लसूण, हिरवी मिरची, लिंबू, मटकीची उसळ, मेथीची पालेभाजी, कोथिंबीरवडी यांच्याबरोबर ती उघडावी. शेनिन ब्लाँ आपल्याकडे बहुधा किंचित गोडसर ठेवली जाते, आणि माझ्या मते सोलापूरच्या घरात पहिली बाटली कोणती असावी याचे उत्तर तेच आहे. भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दह्याबरोबर धपाटे अशा सगळ्या तिखट पण फार आंबट नसलेल्या जेवणाला ती सांभाळून घेते. शिराझ रोजच्या जेवणासाठी उघडू नये. ती मटणासाठी ठेवावी, आणि तेही पुढे सांगितलेल्या पद्धतीने.

प्रश्न : वायनरीच्या मार्गदर्शकाने सांगितले की जलाशयाच्या सान्निध्यामुळे तेथील द्राक्षांना वेगळी चव येते. हे खरे आहे का? तसे असेल तर उजनीच्या काठी इतके पाणी असताना तेथेही हे का घडत नाही? (पंढरपूर)

मोठा पाणसाठा हवेपेक्षा हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे त्याच्या काठावर दिवस-रात्रीच्या तापमानातील टोके थोडी बोथट होतात, ही गोष्ट खरी आहे. थंड प्रदेशांत तर या एका गुणावर द्राक्षशेती उभी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्स नावाची लांबट, खोल सरोवरे आहेत. त्यांतील सेनेका सरोवर सुमारे 188 मीटर खोल असून कडाक्याच्या हिवाळ्यातही ते सहसा गोठत नाही. त्याच्या उबेमुळे काठावरच्या वेली तगतात आणि तेथे रीस्लिंग ही पांढरी वाइन उत्तम होते.

आपल्याकडचा प्रश्न थंडीपासून वाचण्याचा नसून उन्हापासून वाचण्याचा आहे. गंगापूर हे गोदावरीवरील मातीचे धरण 1965 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या काठच्या मळ्यांना त्याचा पहिला उपयोग सिंचनाचा आहे. तेथील वाइनच्या चवीमागे मला पाण्यापेक्षा उंची महत्त्वाची वाटते. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, सोलापूर शहर सुमारे 450 मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत तेथे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, आणि मण्यात साखर भरत असताना रात्र थंड राहिली की आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनचा कणा तोच असतो. शिवाय काठावरच्या उतारांवर पाण्याचा चांगला निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन मिळते, तीही वाइनच्या द्राक्षांना मानवते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. वायनरी जलाशयाच्या काठी असली म्हणून बाटलीतील सर्व द्राक्षे त्याच काठची असतात असे नाही. मोठ्या वायनरी करार केलेल्या अनेक शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेतात, आणि सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ तर आपल्या नावातच दिंडोरी या शेजारच्या तालुक्याचा उल्लेख करते.

उजनीविषयी विचारलेत ते योग्यच आहे, कारण आपल्या जिल्ह्यात उत्तम वाइन होते, हे पुष्कळ सोलापूरकरांच्या गावी नसते. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वायनरी आहे. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेक्की अशा तीन कुटुंबांतील भावांनी ती उभी केली आणि इटलीतील तोस्काना प्रांताचे पिएरो मासी हे तिचे वाइनकर्ते. ‘सेत्ते’ ही त्यांची नावाजलेली लाल वाइन सांजोवेसे आणि काबेर्ने सॉव्हिन्यो या दोन द्राक्षांच्या मिश्रणातून होते. सांजोवेसे ही मूळची तोस्कानाची जात आपल्या माळशिरसच्या उन्हात रुजली आणि तिच्यातला आंबटपणा टिकला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नाशिकहून बाटल्या आणणाऱ्यांनी एकदा अकलूजचीही आणून पाहावी.

प्रश्न : आखाडातल्या रविवारी घरी काळ्या तिखटातले मटण केले होते. पाहुण्यांनी आणलेली चांगल्यापैकी शिराझ उघडली. मटणाबरोबर लाल वाइन घ्यावी असे सगळीकडे वाचले होते, पण पहिल्याच घोटाला तोंडाची आग झाली आणि वाइन कडू, लाकडासारखी लागली. वाइन खराब होती का? (होटगी रस्ता)

तुमच्या वर्णनावरून तरी वाइन खराब वाटत नाही. ‘मटणाला लाल, मासळीला पांढरी’ हा नियम ज्या स्वयंपाकघरांत जन्मला तेथे मटण म्हणजे मीठ-मिरी लावून भाजलेला तुकडा असतो. काळ्या तिखटातला रस्सा ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे आणि तो नियम तिच्यावर लादणे अन्यायाचे आहे.

मिरचीतील तिखट द्रव्य जिभेवरील उष्णतेच्या संवेदकांना चेतवते. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर भाजल्यासारखे वाटते. अल्कोहोलही नेमक्या त्याच संवेदकांना चेतवते. शिराझमध्ये अल्कोहोल साधारण 13 ते 14 टक्के असते, त्यामुळे एका आगीत दुसरी आग मिळते. त्यावर लाल वाइनमधील टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ज्या ओकच्या पिंपात वाइन मुरवली त्या लाकडातून ते येते. कच्च्या सुपारीने तोंड आवळते तसे ते तोंड आवळते, कारण ते लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते. तिखटाने आधीच हुळहुळलेल्या तोंडाला हा आवळेपणा दुप्पट जाणवतो आणि वाइनमधील फळाचा स्वाद पार हरवतो. तुम्हाला जे लाकूड लागले ते यामुळे.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मटण करताना आपण आधी हळद, मीठ, आले-लसूण लावून ते शिजवून घेतो आणि मसाला नंतर घालतो. मसाला पडण्यापूर्वीचे हे आळणी मटण मुलांना आणि आजाऱ्यांना वाढण्याची आपली जुनी पद्धत आहे. त्यातले चरबी असलेले चार-सहा तुकडे बाजूला काढावेत, लोखंडी तव्यावर त्याच चरबीत कडा तांबूस होईपर्यंत परतावेत, वरून जाडसर मिरी आणि थोडे मीठ घालावे. या तुकड्याबरोबर तीच शिराझ घेऊन पाहा. मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात, त्यामुळे तोंड आवळत नाही. मिरीचा वास शिराझमधील मिरीसारख्या वासाला जाऊन मिळतो. आणि घोट गिळल्यावर जांभूळ, काळी मनुका असे फळ मागे रेंगाळते. बाटली जेवणाच्या या पहिल्या टप्प्यातच घ्यावी. त्यानंतर भाकरी कुस्करून रस्सा ओरपताना पेला बाजूला ठेवावा. रश्शाला वाइनची गरज नाही आणि वाइनला रश्शाची.

रश्शाबरोबरही काही घ्यायचेच असेल तर ती लाल नसावी. चांगली गार केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा झिनफँडेलची गुलाबी वाइन घ्यावी. गारवा आणि साखर या दोन्हींमुळे तिखटाची धग उतरते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर वाइन शोभेल का, की तो विचारच सोडून द्यावा? शेंगापोळीबरोबर काय चालेल? (अक्कलकोट)

विचार अजिबात सोडू नये. शेंगाचटणी हा वाइनच्या दृष्टीने फार मनोरंजक पदार्थ आहे, फक्त ती उखळात कुटलेली असावी. मिक्सरमध्ये फिरवलेल्या चटणीचा भुगा होतो. कुटलेल्या चटणीचे गोळे होतात, दाण्याचे तेल सुटते आणि लसूण त्या तेलात मुरतो. तेच तेल तिखट धरून ठेवते आणि जिभेवर ते एकदम न सांडता हळूहळू सोडते. कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर चटणी घेतली की खमंग, खारट, तेलकट आणि उशिरा येणारे तिखट असा क्रम लागतो. या क्रमात शेनिन ब्लाँचा घोट तेलानंतर आणि तिखटाआधी घ्यावा. तिचा आंबटपणा तेल कापतो आणि तिची पुसटशी गोडी पुढे येणाऱ्या तिखटाला अडवते. भाकरी ज्वारीची, शक्य तर मंगळवेढ्याच्या मालदांडीची असावी. तिची गोडसर चव वाइनच्या आड येत नाही, बाजरीची उग्र चव मात्र आड येते.

भरल्या वांग्याला गुलाबी वाइन द्यावी, किंवा थोडी गार केलेली सांजोवेसे. कांदाभजी, मिरचीभजी, वडे अशा तळलेल्या पदार्थांबरोबर बुडबुड्यांची ब्रुट वाइन उत्तम जमते. ती बनवताना बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची प्रक्रिया होते आणि बुडबुडे तेथेच तयार होतात. मात्र जहाल मिरचीच्या भज्यांसोबत हे बुडबुडे टोचू लागतात, तेव्हा भजी बेताच्या मिरचीची असावीत.

शेंगापोळीसाठी उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन हवी. सुलाची ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ’ ही अशीच वाइन आहे. वेलीवर जास्त दिवस राहिल्याने द्राक्षातील पाणी आटते, साखर दाटते आणि मधाचा, जर्दाळूचा वास येतो. पोळीवर तूप असावे, पोळी कोमट असावी आणि वाइन फ्रिजमधून नुकतीच काढलेली असावी. पेलाही लहान घ्यावा. गोडावर गोड फार जात नाही.

प्रश्न : उजनीची मासळी आमच्याकडे वरचेवर असते. तिच्याबरोबर पांढरीच वाइन घ्यावी का? (टेंभुर्णी)

होय, येथे जुना नियम बहुतांशी लागू पडतो आणि त्याला कारणही आहे. लाल वाइनमधील लोह मासळीच्या तेलाशी मिळाले की तोंडात धातूसारखी, हिवसट चव उमटते. रवा लावून तळलेल्या चिलापीला किंवा रोहूच्या तुकडीला सॉव्हिन्यो ब्लाँ घ्यावी आणि लिंबू कमी पिळावे, कारण लिंबाचे काम वाइनच करते. वाम ही तेलकट मासळी. तिच्याबरोबर ब्रुट अधिक रुचते.

सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर घरांत चिंचेच्या कोळात माशाचे कालवण होते, चेपल पुलुसु. त्याच्यासाठी वाइन शोधणे कठीण आहे, कारण त्यात चिंच, तिखट आणि मासळी असे तिघेही आपला हट्ट धरून असतात. त्यातल्या त्यात किंचित गोडी राखलेली रीस्लिंग टिकाव धरते, कारण रीस्लिंगचा आंबटपणा मुळातच धारदार असतो. शेनिन तेथे कमी पडते.

प्रश्न : माझी बारा एकर बाग आहे, त्यात सोनाका आणि थॉमसन आहेत. दर पडला की माल बेदाण्याला जातो. याच द्राक्षांची वाइन का होत नाही? इतका माल असताना वायनरीवाले वेगळ्या जाती का लावायला सांगतात? (नान्नज)

आपल्या गावाचे द्राक्षशेतीतील स्थान मोठे आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या दोन्ही जाती नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवल्या, तेव्हा हा प्रश्न नान्नजहून येणे आम्हाला विशेष वाटते.

थॉमसनची वाइन होऊच शकत नाही असे नाही. कॅलिफोर्नियात ती एके काळी साध्या वाइनसाठी आणि ब्रँडीसाठी पुष्कळ वापरली गेली. अडचण चवीची आहे. खाण्याच्या द्राक्षात आपल्याला पातळ साल, मोठा मणी, कमी आंबटपणा आणि बी नसणे हवे असते. वाइनला यांतले प्रत्येक उलट हवे असते. वाइनचा रंग, वास आणि टॅनिन मुख्यतः सालीत असते, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. आपण जीएच्या (जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवून मणी फुगवतो, विरळणी करून त्याला जागा करून देतो; वाइनच्या बागेत हा सर्व खटाटोप नको असतो. खाण्याची द्राक्षे साधारण 16 ते 18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) तोडली जातात, वाइनची 22 ते 24 ब्रिक्सला, कारण साखरेपासूनच अल्कोहोल होते. 22 ब्रिक्सच्या रसातून सुमारे 12 ते 13 टक्के अल्कोहोलची वाइन मिळते.

छाटणीचे गणित मात्र आपल्या ओळखीचेच आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वाइनच्या बागेतही एप्रिलमध्ये वाढीसाठीची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठीची गोडी छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये एकच पीक घेतले जाते. फरक उत्पन्नाचा आहे : खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या बागायतदाराला वायनरी त्याच्या निम्म्याहूनही कमीवर थांबायला सांगते, कारण घड कमी ठेवले तरच प्रत्येक मण्यात स्वाद उतरतो.

म्हणून आमचा स्पष्ट सल्ला असा, की खरेदीचा लेखी करार हातात असल्याशिवाय वाइनची जात लावू नये. शिराझ किंवा काबेर्नेचे लहान, बियांचे, जाड सालीचे घड बाजार समितीत कोणी घेत नाही आणि त्यांचा बेदाणाही चांगला होत नाही. वायनरीने पाठ फिरवली तर त्या मालाला दुसरी वाट नसते. करारात जात, ब्रिक्स, दर आणि माल नाकारण्याच्या अटी या चारही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.

प्रश्न : मार्चमध्ये आणलेली बाटली मे महिन्यात उघडली तर वाइन सिरक्यासारखी आणि शिजलेल्या फळासारखी लागली. दुकानात तक्रार करावी का? (सात रस्ता)

बाटली घरात कोठे ठेवली होती हे आपण लिहिलेले नाही, पण मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो आणि बंद खोलीतील कपाट रात्रीही निवत नाही. अशा ठिकाणी दोन महिने राहिलेली वाइन शिजल्यासारखीच होते. बाटली पुन्हा पाहा. बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर सरकले असेल आणि वरचे वेष्टन काढल्यावर बुचाभोवती चिकट, वाळलेले कडे दिसत असेल, तर उष्णतेने वाइन फुगून बाहेर आली आणि तेथूनच हवा आत गेली असे समजावे. असे बूच खरेदीच्या वेळीच दिसले तर ती बाटली घेऊ नये. उन्हात तापणाऱ्या काचेच्या कपाटात मांडलेली बाटलीही घेऊ नये.

सोलापुरात मार्च ते जून या काळात वाइनची जागा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे. बुचाची बाटली आडवी ठेवावी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. नाशिकहून गाडीने येताना बाटल्या डिकीत न ठेवता पायाशी, सावलीत ठेवाव्यात. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ वाढावी असे लिहिलेले असते, त्या खोल्या युरोपातल्या, 16 ते 18 अंशांच्या. आपल्याकडे लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी, आणि पांढरी 8 ते 12 अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून थोड्याच वेळात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस बरी राहते. बुडबुड्यांची मात्र दुसऱ्याच दिवशी संपवावी.

प्रश्न : वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच, ती प्रकृतीला चांगली, असे आमचे नातेवाईक सांगतात. (मोहोळ)

ते बरोबर नाही. वाइनमध्ये बहुधा 11 ते 14 टक्के अल्कोहोल असते आणि अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. गरोदर स्त्रियांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी ती टाळावी. औषध म्हणून कोणीही वाइन सुरू करू नये. जेवणाची चव म्हणून, थोडी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी, एवढीच तिची जागा.

प्रश्न : मुलगी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहोत. तेथील सरोवराकाठची वाइन कशी असते? (बार्शी)

लोझानच्या पूर्वेला जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावर लाव्हो नावाचा द्राक्षमळ्यांचा पट्टा आहे. सरोवरातून थेट वर चढणाऱ्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या या पायऱ्या सुमारे 30 किलोमीटर पसरल्या आहेत, त्यांची सुरुवात अकराव्या शतकात मठांतील साधूंनी केली, आणि 2007 मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. येथे तीन सूर्य आहेत असे स्थानिक लोक म्हणतात : एक आकाशातला, एक सरोवराच्या पाण्यातून परावर्तित होणारा आणि एक दिवसभर तापून रात्री ऊब सोडणाऱ्या दगडी बांधांतला. जलाशयाचा वाइनवर खरोखर परिणाम होतो तो कसा, हे पाहायचे तर त्या बांधांवर संध्याकाळी हात ठेवून पाहावा.

तेथील मुख्य द्राक्ष शासला. त्याची वाइन हलकी, कमी आंबट, नाजूक असते आणि सरोवरातील पर्च माशाच्या लोण्यात परतलेल्या तुकड्यांबरोबर तेथे घेतली जाते. आपल्या तिखटापुढे ती टिकणार नाही, त्यामुळे सोबत नेलेली शेंगाचटणी तिच्याबरोबर काढू नये. चटणी मुलीसाठी ठेवावी.

प्रश्न : जानेवारीत शेतावर हुरड्याला दहा-बारा जण येणार आहेत. वाइन ठेवायची असेल तर कोणती आणि किती? (मंगळवेढा)

हुरड्याला सॉव्हिन्यो ब्लाँ. आगटीतून काढलेले कणीस हातावर चोळले की गरम, कोवळा, हिरवट-गोड दाणा निघतो, त्याला राखेचा आणि धुराचा पुसट वास असतो, आणि या हिरवेपणाशी जुळणारा वास ज्या वाइनमध्ये आहे ती हीच. सोबत लसणाची ओली चटणी आणि दही असेल तर फारच उत्तम. गूळ आणि रेवड्या मात्र वाइन संपल्यावर काढाव्यात, नाहीतर वाइन कडू लागेल. दुपारी मटणाचा बेत असेल तर वर सांगितलेले आळणी तुकडे त्याच आगटीच्या निखाऱ्यांवर भाजून एक शिराझ उघडता येईल.

एका 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच पेले होतात. बारा जणांत आठ जण घेणारे धरले तर पांढऱ्याच्या तीन आणि लालची एक पुरते. थंडीचे दिवस असले तरी दुपारी शेतावर ऊन असते, म्हणून बाटल्या बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून सावलीत ठेवाव्यात. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते, साधारण वीस मिनिटांत. परतीची गाडी जो चालवणार असेल त्याच्यासाठी ताकाचा तांब्या वेगळा ठेवावा. पेले काचेचेच न्यावेत, स्टीलचे नकोत : स्टीलच्या पेल्याला घासण्याच्या पावडरीचा वास राहिलेला असतो आणि सॉव्हिन्यो ब्लाँच्या हिरव्या वासावर तो लगेच चढतो.